मोटारगाडीची सुरक्षितता

अपघात टाळण्याची, आणि अपघात झालाच तर माणसांना होणारी इजा कमीत कमी ठेवण्याची मोटारगाडीची क्षमता म्हणजे मोटारगाडीची सुरक्षितता होय. या क्षमतेचे दोन भाग मानले जातात. ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू इत्यादी ज्या गोष्टी अपघात घडूच नये म्हणून काम करतात, त्यांना सक्रिय सुरक्षितता म्हणतात. धडक बसल्यानंतर ज्या गोष्टी कामाला येतात, म्हणजे सांगाडा, आसनपट्टे, हवेच्या पिशव्या, त्यांना निष्क्रिय सुरक्षितता म्हणतात. नाव निष्क्रिय असले तरी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात सर्वाधिक काम याच गोष्टींना करावे लागते.

मोटारीच्या जाहिरातींत एअरबॅगांची संख्या आणि चाचणीतील तारे ठळकपणे दिलेले असतात. अपघातांच्या अभ्यासातून मात्र जे साधन सातत्याने सर्वांत प्रभावी ठरले आहे, ते १९५९ सालापासून उपलब्ध असलेले आणि आज प्रत्येक मोटारीत असलेले तीन बिंदूंचे आसनपट्टे, म्हणजेच बोलीभाषेतील सीट बेल्ट, हे आहे. महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना पनवेलजवळ कळंबोली येथे सुरू होणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा अनुभव विशेष उपयोगी पडतो. कारण आधुनिक वेग आणि आधुनिक मोटार यांची सामान्य मराठी माणसाशी पहिली मोठी गाठ याच रस्त्यावर पडली.

== पनवेल आणि रस्ता ==

घाटमाथा आणि कोकणपट्टी यांना जोडणाऱ्या वाटेवरचे पनवेल हे जुने ठाणे आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे महत्त्व वाढले. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये बैलगाडीची चाके तयार करणे हा पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून नोंदवलेला आहे. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर गाडीवान येथे चाके बदलून घेत. चाक धड असल्याखेरीज घाटात गाडी घालू नये, हे ज्ञान या गावाला मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून होते, असे म्हणता येईल.

आज पनवेल परिसरात जुना मुंबई–पुणे महामार्ग, पळस्पे फाट्यावरून कोकणात उतरणारा मुंबई–गोवा महामार्ग आणि द्रुतगती मार्ग असे तीन मोठे रस्ते एकत्र येतात. सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा, कळंबोली ते किवळे असा सहा पदरी काँक्रीटचा द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि २००२ साली तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्याला यशवंतराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले आहे. या मार्गावर दुचाकी, तीनचाकी वाहने व पादचारी यांना मज्जाव आहे. समोरासमोरची वाहतूक दुभाजकाने वेगळी केलेली आहे आणि चौक किंवा सिग्नल नाहीत. हे सर्व सुरक्षिततेसाठीच होते. तरीही सुरुवातीपासून या रस्त्याने अनेक बळी घेतले. ज्येष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे यांचे १२ फेब्रुवारी २००१ रोजी याच मार्गावर भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार अपघातात निधन झाले. २३ डिसेंबर २०१२ रोजी उर्से टोलनाक्याजवळ झालेल्या अपघातात आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे हे अभिनेते मृत्यू पावले. दुभाजक ओलांडून पलीकडच्या मार्गिकेत वाहन घुसण्याचे असे प्रकार रोखण्यासाठी पुढे या मार्गाच्या दुभाजकावर पोलादी तारदोरांचे अडथळे बसवण्यात आले.

५ जून २०१६ रोजी पनवेलजवळ शेडुंग परिसरात घडलेला अपघात वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. टायर पंक्चर झाल्यामुळे एक मोटार रस्त्याच्या कडेला थांबली होती आणि मदतीसाठी दुसरी मोटार तिच्याजवळ उभी होती. मागून भरधाव आलेली प्रवासी बस या दोन्ही मोटारींवर आदळून खाली कोसळली. या अपघातात सतरा जण मरण पावले. चाकातील हवा गेल्यासारख्या किरकोळ बिघाडातून द्रुतगती मार्गावर काय ओढवू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. उभ्या मोटारीत कितीही एअरबॅगा असत्या तरी त्यांचा येथे फारसा उपयोग झाला नसता.

२०१६ या एका वर्षात या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्र अँड महिंद्र यांनी मिळून येथे शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवणारा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक गंभीर अपघाताची जागेवर जाऊन तपासणी करणे, उघड्या खांबांना व कठड्यांच्या टोकांना आवरण घालणे, कडेला उभी राहणारी अवजड वाहने हटवणे, वेगाची तपासणी वाढवणे अशी कामे त्यात झाली. २०२० साली मृतांची संख्या ६६ वर आली. त्या वर्षी टाळेबंदीमुळे वाहतूकही घटली होती, हे लक्षात घ्यावे लागते. तथापि घट त्याआधीच सुरू झाली होती.

== धडकेचे गणित ==

धडकेत माणसाला इजा का होते, हे समजण्यासाठी शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे. गतिमान वस्तूची गतिज ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे हे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. ताशी १०० किलोमीटरला हीच उंची सुमारे ४० मीटर होते. इमारतीच्या गच्चीच्या कठड्याला टेकतानाही जपणारा माणूस मोटारीच्या मागच्या आसनावर पट्टा न लावता निर्धास्तपणे झोपी जातो, याचे कारण वेग डोळ्यांना उंचीसारखा दिसत नाही.

मोटार भिंतीवर आदळते तेव्हा खरे तर तीन धडका होतात. पहिली मोटारीची अडथळ्याशी. दुसरी माणसाची मोटारीच्या आतील भागाशी. कारण मोटार थांबली तरी माणूस जडत्वामुळे मूळ वेगानेच पुढे जात असतो. तिसरी माणसाच्या मेंदू, हृदय, यकृत अशा अवयवांची त्याच्याच हाडांच्या पिंजऱ्याशी. बाहेरून खरचटलेलेही नसताना आत रक्तस्राव होऊन माणूस दगावतो, तो या तिसऱ्या धडकेमुळे.

इजा किती होणार हे मुख्यतः थांबण्यासाठी किती अंतर मिळाले यावर ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळलेल्या मोटारीचा पुढचा भाग सुमारे ६० सेंटिमीटर चेपला आणि पट्ट्याने बांधलेला माणूस मोटारीबरोबरच थांबला, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट मंदन येते. ६० किलो वजनाच्या माणसाच्या पट्ट्यावर यामुळे जवळजवळ एक टन वजनाइतका ताण पडतो. हा ताण मोठा असला तरी तो छाती, खांदा व कमरेच्या बळकट हाडांवर पसरतो आणि निरोगी माणूस तो सहसा सोसू शकतो. पट्टा नसलेला माणूस मात्र मोटार थांबून झाल्यावर डॅशबोर्डवर किंवा काचेवर आदळतो आणि जेमतेम पाच सेंटिमीटरांत थांबतो. त्याच्यावरील मंदन दोनशेपटीच्या घरात जाते.

याच हिशेबाने, मांडीवर घेतलेले १० किलो वजनाचे मूल धडकेच्या क्षणी हातांना १६० किलोंसारखे जाणवेल. ते धरून ठेवणे कोणत्याही आईबापाला शक्य नाही. पुढच्या आसनावर मूल मांडीवर घेऊन बसण्याची आपल्याकडील सवय सर्वांत धोकादायक म्हणावी लागेल; तेथे मोठ्या माणसाचे शरीर मागून मुलाला चिरडते आणि पुढून एअरबॅग आदळते. मोठ्याच्याच पट्ट्यात मुलालाही गुंडाळून घेणे तितकेच घातक आहे.

== सांगाडा ==

मोटार जितकी कडक व भक्कम तितकी ती सुरक्षित, ही समजूत अजूनही आढळते. जुन्या मोटारींच्या जाड पत्र्याची आठवण काढणारे, आणि नव्या मोटारीचा बंपर किरकोळ धक्क्यानेही चेपतो अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः पुढचा आणि मागचा भाग चेपणे हे रचनाकारांना अपेक्षितच असते. मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ही कल्पना मांडली. प्रवाशांचा कक्ष कडक ठेवायचा आणि त्याच्या पुढचा व मागचा भाग ठरवलेल्या पद्धतीने चुरगळू द्यायचा, असे तिचे सूत्र होते. चुरगळताना पत्रा ऊर्जा शोषून घेतो आणि माणसाला थांबण्यासाठी अंतर मिळते. अपघातानंतर इंजिनाचा भाग पार मोडून गेला पण चारही दारे हाताने उघडली, असे दृश्य दिसले तर सांगाड्याने आपले काम चोख केले असे समजावे. याउलट पुढचा खांब वाकून कक्ष आत दबला असेल, तर एअरबॅगा उघडूनही उपयोग मर्यादित राहतो.

प्रवासी कक्षाच्या खांबांसाठी अलीकडे अतिउच्च क्षमतेचे पोलाद वापरतात. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन मोटारींमध्ये हा फरक ग्राहकाला दिसत नाही, आणि म्हणूनच स्वतंत्र धडक चाचण्यांची गरज निर्माण झाली.

== आसनपट्टा ==

स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ साली तीन बिंदूंचा आसनपट्टा प्रचारात आणला. बोहलिन त्यापूर्वी विमानांच्या आसनांवर काम करत होते. आधीचे कमरपट्टे धडकेत पोटावर घाव घालत आणि डोके मोकळे सोडत. बोहलिन यांच्या रचनेत एक पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा येतो, दुसरा कमरेवरून जातो, आणि दोन्ही मांडीशेजारी एकाच कुलपात अडकतात. एका हाताने तो लावता येतो. कंपनीने हे पेटंट इतर उत्पादकांना वापरण्यास मोकळे ठेवले.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न जाता मांड्यांच्या वर, ओटीच्या हाडांवर बसला पाहिजे. वरचा भाग मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून गेला पाहिजे. गरोदर स्त्रियांनीही पट्टा लावणेच हितकारक असते; खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा लागतो. जाड उशी किंवा सैल आच्छादन आसनावर असेल तर पट्टा सैल पडतो. आसन फार मागे कलते ठेवून झोपल्यास धडकेत शरीर पट्ट्याखालून सरकते. आधुनिक मोटारीत धडकेच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत पट्टा आवळून घेणारी यंत्रणा असते, आणि ताण मर्यादेपलीकडे गेल्यास पट्टा थोडा सैल सोडून बरगड्या वाचवणारी दुसरी यंत्रणा असते. हा सूक्ष्म ताळमेळ पट्टा लावलेला असेल तरच घडतो, हे वेगळे सांगायला नको. पण सांगावे लागते. पट्टा न लावता नुसता इशारा बंद पाडणाऱ्या धातूच्या क्लिपा बाजारात उघड विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-वाणिज्य कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

=== मागील आसन ===

मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नसते, हा समज भारतात खोल रुजला आहे. मालकाने किंवा वडीलधाऱ्याने मागे बसायचे आणि पट्टा ही चालकाने पोलिसासाठी लावायची गोष्ट, असा त्यात एक सामाजिक भागही आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीतील मोटार अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर होते. त्यानंतर तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी मागील पट्ट्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा जाहीर उल्लेख केला. काही दिवस चर्चा झाली आणि विरली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचा द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ अपघाती मृत्यू झाला आणि या मार्गावरील वेग, अवजड वाहनांची शिस्त व अपघातानंतर मिळणारी मदत हे प्रश्न पुन्हा पुढे आले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार महागडी आणि सुरक्षा साधनांनी परिपूर्ण होती. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी जागीच मरण पावले. त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

पट्टा न लावलेला मागचा प्रवासी स्वतःपुरताच धोक्यात नसतो. धडकेत तो पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळतो आणि पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसाला मागून दाबतो. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली छत्री, पाण्याची बाटली किंवा मोकळी बॅगही अशीच पुढे फेकली जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ नुसार पुढच्या तसेच पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील व्यक्तींनीही पट्टा लावणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ ख नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यासही तितकाच दंड आहे. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची अंमलबजावणी जाहीर केली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मरण पावले. पट्टा न लावल्याने मृत्यू पावलेल्यांची संख्या त्यात १६,७१५ अशी नोंदली आहे. त्यांपैकी ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. दोन आकड्यांतील साम्य बोलके आहे.

== एअरबॅग ==

एअरबॅग म्हणजे धडक जाणवताच वायूने फुगणारी कापडी पिशवी. मोटारीतील संवेदक मंदन मोजतात, नियंत्रक निर्णय घेतो आणि रासायनिक स्फोटकाने तयार झालेला वायू सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांत पिशवी भरतो. डोळ्याची पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो. माणूस पिशवीवर टेकताच तिच्या भोकांतून वायू बाहेर पडतो आणि डोके हळूहळू थांबते.

एअरबॅगचे अधिकृत वर्णन पूरक साधन असे आहे; ती पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. पट्टा नसलेला माणूस ब्रेक लागताच पुढे सरकतो आणि पिशवी फुगत असतानाच तिच्यावर आदळतो. त्या वेळी तिचा बाहेर येण्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असू शकतो. चालकाची छाती सुकाणूचाकापासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी, असे म्हणतात ते याचसाठी. डॅशबोर्डच्या झाकणावर देवाची मूर्ती, मोबाइलचा आधार किंवा सुगंधाची बाटली चिकटवणे, अथवा त्यावर पाय टाकून बसणे धोकादायक असते. मागे तोंड असलेले बालआसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. पुढील बाजूस बसवलेल्या जाड लोखंडी नळ्यांमुळे धडकेची ऊर्जा भलत्या मार्गाने सांगाड्यात जाते आणि संवेदकांचा अंदाज चुकू शकतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये अशा नळ्या बसवण्यावर कारवाई करण्याचे निर्देश दिले होते.

भारतात चालकाच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याच दिवसापासून पुढच्या आसनांसाठी पट्ट्याचा इशारा, ताशी ८० किलोमीटरनंतर वाजणारा वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचे संवेदकही सक्तीचे झाले. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ मध्ये प्रथम नव्या प्रारूपांना व त्यानंतर सर्व मोटारींना लागू झाली. सहा एअरबॅगांची सक्ती करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मुदत एकदा पुढे ढकलली गेली आणि अखेर सक्ती झाली नाही. तथापि अनेक उत्पादकांनी आपणहून सहा एअरबॅगा देण्यास सुरुवात केली. बाजूच्या धडकेत दार आणि माणूस यांत जेमतेम वीतभर जागा असते, त्यामुळे बाजूच्या व पडद्यासारख्या एअरबॅगांचा उपयोग तेथे विशेष होतो.

== धडक चाचण्या आणि तारे ==

सरकारी मान्यतेसाठी भारतात ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रारूपांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना धडक चाचणी आवश्यक झाली. समोरील चाचणी ताशी ५६ किलोमीटर वेगाने होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

मान्यतेची चाचणी उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच सांगते. ताऱ्यांची पद्धत ग्राहकाला तुलना करू देते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या मूळ आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटरला आदळवल्या आणि पाचही मोटारींना शून्य तारा मिळाला. ५६ आणि ६४ यांत फरक थोडा वाटतो, पण वर्गाच्या नियमाने ऊर्जा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. या निकालाने मोठी खळबळ उडाली. डिसेंबर २०१८ मध्ये पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन ही प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली. भारताची स्वतःची श्रेणी पद्धत, भारत एनकॅप, २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. ती ऐच्छिक आहे. तीत प्रौढांसाठी ३२ व मुलांसाठी ४९ गुण असून दोन्ही श्रेणी स्वतंत्रपणे दिल्या जातात. खरेदी करताना मुलांची श्रेणी पाहणारे फार थोडे असतात.

तारे वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. समोरील धडकेची श्रेणी साधारण सारख्या वजनाच्या मोटारींमध्येच तुलनीय असते. पाच ताऱ्यांची छोटी मोटार मालट्रकवर आदळली तर तारे तिला मदत करत नाहीत. तारे विशिष्ट आवृत्तीला असतात. चाचणीचा वेग ताशी ६४ किलोमीटर आहे, तर द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. आणि चाचणीतील प्रत्येक बाहुलीने पट्टा लावलेला असतो.

== वेग, ब्रेक आणि टायर ==

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाने या काळात मोटार सुमारे ४२ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून थांबायला आणखी ५५ मीटर लागतात. ताशी ८० ला ही दोन्ही अंतरे मिळून ६९ मीटरच्या आसपास होतात. याचा अर्थ, ८० ने चालणारी मोटार ज्या जागी थांबते, त्याच जागी १०० ने चालणारी मोटार अद्याप सुमारे ताशी ७० किलोमीटर वेगात असते. पावसाळ्यात खोपोली–खंडाळा पट्ट्यात रस्ता ओला आणि धुक्याने वेढलेला असतो, तेव्हा ही अंतरे कितीतरी वाढतात.

एप्रिल २०१९ पासून भारतातील सर्व नव्या मोटारींना सक्तीची झालेली एबीएस यंत्रणा ब्रेक जोरात दाबल्यावर चाके जखडू देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही मोटार वळवता येते. पायाला थरथर जाणवते, ती बिघाड समजून पाय उचलू नये. एबीएसमुळे थांबण्याचे अंतर नेहमीच कमी होते असे नाही. घसरू लागलेल्या मोटारीच्या एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी स्थैर्य नियंत्रण यंत्रणा याहून महत्त्वाची मानली जाते, आणि मोटार निवडताना एखाद्या शोभेच्या सोयीऐवजी तीच मागणे शहाणपणाचे आहे.

घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होतात. जो गिअर टाकून घाट चढता येईल, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही चालकांची जुनी शिकवण आजही लागू आहे. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडल्याने वाचणारे इंधन नगण्य असते.

रस्त्याला टेकलेले टायरचे चार तळव्याएवढे तुकडे हाच मोटार आणि जमीन यांतील एकमेव संबंध असतो. हवेचा दाब कमी असलेला टायर वेगात बाजूंना वाकून तापतो आणि फुटतो. उन्हाळ्यात भरलेल्या मोटारीने लांब पल्ला काटताना हा धोका वाढतो. दाब किती असावा हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते, आणि टायर थंड असतानाच तो मोजावा लागतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलावा. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. न वापरलेला जादा टायरही वयाने कडक होतो.

मोटार बंद पडल्यास ती शक्य तितकी डावीकडे घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, सर्वांनी उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभे राहावे आणि परावर्तक त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा. चालत्या मोटारीने बोगद्यात किंवा पावसात चारही इशारे लावणे चुकीचे आहे, कारण त्यामुळे मार्गिका बदलण्याचा संकेत देता येत नाही आणि मागच्याला ती उभी आहे की चालू हे कळत नाही.

== अपघातानंतर ==

अपघातानंतरच्या पहिल्या तासात मिळालेल्या उपचाराने अनेक जीव वाचू शकतात. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने लोक मदतीस कचरत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ क द्वारे त्यांना कायद्याचे स्वरूप मिळाले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही आणि आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे. जखमीची मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल आणि आग वा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल, तर प्रशिक्षित मदत येईपर्यंत त्याला मोटारीतून ओढून काढू नये.